जपलेल्या पाच टक्क्यांत माळरान किती?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी नोकरी कमी पावसाच्या गावांत झाली. तिथली जमीन, तिथली मेंढरे आणि तिथली मुले हे त्यांचे जग होते. त्यामुळे निसर्गसंरक्षणावर बोलायचे ठरले तेव्हा मी घाटातले जंगल बाजूला ठेवले आणि याच जमिनीपासून सुरुवात करायचे ठरवले. आपल्या देशात निसर्गाचे किती प्रकार आहेत, आणि त्यांपैकी कोणता प्रकार किती जपला गेला आहे, हा आजचा प्रश्न आहे. तो सोपा वाटतो. पण संपूर्ण देशासाठी त्याचे प्रकारवार उत्तर देणारा, सरकारने स्वीकारलेला आणि निर्णयांना बंधनकारक असलेला तक्ता आपल्याकडे नाही.

राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव अशी एक हजाराहून अधिक संरक्षित क्षेत्रे भारतात आहेत. ती सगळी मिळून देशाच्या भूभागाच्या पाच टक्क्यांच्या थोडी वर जातात. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे जगातल्या देशांनी एक करार केला. २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणायचा, असे त्यात ठरले. वर्तमानपत्रांनी तीसचा आकडा उचलला. त्याच कलमातल्या दुसऱ्या अटीची चर्चा फारशी झाली नाही. जपलेला भाग देशातल्या सर्व तऱ्हेच्या परिसंस्थांचे प्रतिनिधित्व करणारा असावा, अशी ती अट आहे. मला ती तीसच्या आकड्याहून मोलाची वाटते. घरात माणशी सरासरी दोन भाकऱ्या झाल्या म्हणून प्रत्येकाचे पोट भरत नाही. एकाच्या ताटात चार आणि दुसऱ्याच्या ताटात एकही नाही, तरी सरासरी दोनच येते.

आपले संरक्षण आज कुणाच्या ताटात आहे, ते नकाशावर सहज दिसते. हिमालयाचे उंच उतार, पश्चिम घाट, अंदमान-निकोबारची बेटे, मध्य भारतातली साग आणि सालाची जंगले. याचे कारण इतिहासात आहे. इंग्रजी अमलात राखीव ठरवलेली जंगले आणि संस्थानिकांची शिकारीची राने, या दोन वारशांतून आपली बहुतेक अभयारण्ये आली. आपले दाजीपूरचे अभयारण्य १९५८ चे. ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. रणथंभोर जयपूरकरांचे, गीर जुनागढच्या नवाबांचे. उरलेले ठरले नांगराने. जिथे उतार फार, माती थोडी आणि वस्ती विरळ, तिथे जंगल टिकले आणि मग तिथेच अभयारण्य झाले. सपाट, कोरडी, उघडी जमीन या वाटणीत फारशी कुणी मागितलीच नाही. भावनगर संस्थानाने राखलेल्या गवताच्या कुरणातून १९७६ मध्ये वेळावदरचे राष्ट्रीय उद्यान झाले, तो सुखद अपवाद. पण त्याचे क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर. आपल्याकडे कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे आहे आणि सुप्याचे मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचे. एकट्या ताडोबा-अंधारीचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे. ताडोबा मोठे आहे याचा मला आनंदच आहे. रेहेकुरी इतके लहान का राहिले, हे मात्र आपण विचारले पाहिजे.

त्याचे एक उत्तर वर्गीकरणात सापडते. हॅरी चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९३६ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातल्या वनप्रकारांची पहिली मोठी पाहणी प्रसिद्ध केली. १९६८ मध्ये त्यांनी एस. के. सेठ यांच्याबरोबर तिची सुधारित आवृत्ती काढली. त्यात भारतातल्या वनांचे १६ गट आहेत, आणि त्यांच्या पोटात दोनशेच्या आसपास प्रकार. आजही वनखाते कार्य-आयोजना लिहिताना हेच संकेतांक वापरते. इतक्या मोठ्या देशात इतक्या बारकाईने रान पाहिलेली माणसे पुन्हा क्वचितच झाली, आणि त्या कामाबद्दल मला अतीव आदर आहे. पण त्यांची मांडणी एका गृहीतावर उभी होती. पाऊस आणि तापमान ठरले की तिथे शेवटी कोणते जंगल येणार हे ठरते. तसे ते आलेले नसेल, तर माणसाने ते बिघडवले आहे, असे ते गृहीत. म्हणून दख्खनच्या कोरड्या गवताळ प्रदेशाला त्यांनी ५/डीएस ४ असा संकेतांक दिला. डीएस म्हणजे ऱ्हासाची पायरी. म्हणजे सोलापूरचे माळरान ही स्वतंत्र परिसंस्था ठरली नाही. ती बिघडलेल्या जंगलाची एक अवस्था ठरली.

कागदावरच्या या दोन अक्षरांचे परिणाम जमिनीवर खोल गेले. बिघडलेले असेल तर दुरुस्त करायचे, आणि दुरुस्ती म्हणजे झाडे लावायची, हे ओघानेच आले. माळावर समतल चर खोदले गेले, त्यांच्या कडेने गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. चर खणताना मुळासकट उपटल्या गेलेल्या गवताची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. जगलेल्या रोपांची मात्र होते. हे काम करणाऱ्या वनरक्षकांना मी दोष देत नाही. हातात दिलेल्या नकाशाप्रमाणे ते राबले. नकाशा चुकीचा होता.

याच देशात गवताकडे गवत म्हणून पाहणारेही लोक होते. झाशीच्या गवत आणि चारा संशोधन संस्थेशी संबंधित पाहणीवर आधारलेला दाबडघाव आणि शंकरनारायण यांचा ग्रंथ १९७३ मध्ये आला. भारतातल्या गवताच्या आवरणाचे त्यांनी पाच मोठे प्रकार पाडले. आपला दख्खन येतो पवन्या आणि मारवेल या गवतांच्या प्रकारात. चराई वाढली की आधी कोणते गवत जाते, मग कुसळी कशी माजते आणि त्यानंतर काय उरते, याच्या पायऱ्याही त्यांनी लिहून ठेवल्या. गावातल्या कुठल्याही मेंढपाळाला हे तोंडपाठ असते. शास्त्राने ते प्रथमच देशभराच्या नकाशावर मांडले. दुर्दैवाने हा ग्रंथ चाऱ्याच्या शास्त्रज्ञांपुरताच राहिला. वन्यजीवांच्या नियोजनात त्याला चॅम्पियन-सेठ यांच्यासारखे स्थान कधी मिळाले नाही.

वन्यजीवांसाठी पहिली देशव्यापी मोजणी १९८८ मध्ये झाली. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले रॉजर्स आणि पनवार यांनी देशाचे १० जैवभौगोलिक विभाग पाडले, आणि प्रत्येक विभागात किती क्षेत्र संरक्षित आहे व कुठे उणीव आहे ते दाखवले. या कामाचे ऋण मोठे आहे. त्यानंतर अनेक नवी अभयारण्ये त्यांच्या शिफारशींच्या आधाराने झाली. पण दहा घरांची ही चाळण फार मोठ्या भोकांची आहे. त्यातला दख्खन द्वीपकल्प हा एकच विभाग देशाच्या सुमारे ४२ टक्के भूभागावर पसरलेला आहे. चंद्रपूरचे सागवान आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे गवत दोन्ही त्याच विभागात मोजले जातात. ताडोबात जपलेला प्रत्येक चौरस किलोमीटर सोलापूरच्याही खात्यावर जमा होतो, आणि सोलापूरला त्यातले काहीच मिळत नाही. वर्ग जितका ढोबळ, तितकी उणीव झाकली जाते. परिसंस्थांचे बारीक वर्गीकरण हवे असा आग्रह मी धरतो, तो याच कारणासाठी.

दुसरीकडे ग्रामीण विकास मंत्रालयाचा भूसंसाधन विभाग आणि उपग्रह-छायाचित्रांची राष्ट्रीय संस्था मिळून पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात. २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे देशाचा सुमारे १७ टक्के भूभाग, म्हणजे साडेपाच कोटी हेक्टरांहून अधिक जमीन, पडीक आहे. त्यातले वर्ग पाहा: विरळ झुडपांची जमीन, दाट झुडपांची जमीन, खडकाळ जमीन, वाळूची जमीन, बर्फाच्छादित जमीनसुद्धा. पिकाच्या किंवा लाकडाच्या हिशेबात न बसणारे सगळे एका पोत्यात भरले गेले. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी २०२२ मध्ये भारतातल्या निमशुष्क उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. माळराने, काटेरी झुडपांची राने, खडकाळ पठारे, वाळवंटी टेकड्या हे सारे त्यात येते. हा देशाचा जवळपास एक दशांश भूभाग निघाला. त्यातला बहुतांश सरकारी नकाशात पडीक म्हणून नोंदलेला होता, आणि संरक्षित क्षेत्रांत आलेला भाग पाच टक्क्यांहूनही कमी होता. सौरऊर्जेचा प्रकल्प, औद्योगिक वसाहत किंवा भरपाईचे वनीकरण यांसाठी जागा शोधणारा अधिकारी प्रथम पडीक जमिनीची यादी उघडतो. त्याच्या हातातल्या यादीत तिथे लांडगा, खोकड, धाविक किंवा चंडोल राहतो असे कुठेही लिहिलेले नसते.

माळरान म्हणजे तोडलेले जंगलच, अशी शंका अजूनही पुष्कळांच्या मनात असते, म्हणून थोडे मागे जाऊ. शिवालिकच्या खडकांतल्या कार्बनच्या नोंदी सांगतात की सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशातली गवते जोरात पसरली होती. तेव्हा कुऱ्हाड घेतलेला माणूस पृथ्वीवर नव्हता. आणखी अलीकडचा, आणि मला फार जवळचा वाटणारा पुरावा २०२५ मध्ये आला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयात, कथांत आणि ओव्यांत आलेल्या रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले आणि ते कोणत्या ठिकाणचे आहेत हे पाहिले. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातल्या या उल्लेखांत मोठा वाटा उघड्या, काटेरी, गवताळ प्रदेशातल्या झाडाझुडपांचा निघाला. पंढरपूरला कान्होपात्रेच्या आख्यायिकेतले झाड तरटीचे आहे, हे वारकऱ्यांना सांगायला नको. तरटी सदाहरित जंगलात वाढत नाही. ती माळाची आहे. आपल्या संतांनी आणि धनगरांनी जो प्रदेश पाहिला तो आज दिसतो तसाच उघडा होता, हे आपल्याच भाषेतल्या ग्रंथांनी सांगावे, यापेक्षा मराठी वाचकाला आणखी काय हवे?

वर्गीकरण न करताच संरक्षण केले तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राने माळढोकाच्या बाबतीत घेतला. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. हेतू उदात्त होता. पक्षी दूरवर फिरतो म्हणून क्षेत्रही मोठे घेतले. पण त्या सीमेत काय काय आहे, त्यातले गवताळ किती, शेती किती, गावे किती, याची वर्गवारी आधी झाली नव्हती. गावठाणे, बागायती, रस्ते, बाजारपेठा सगळे अभयारण्यात आले. शेतकऱ्याला जमिनीच्या व्यवहारात अडचणी येऊ लागल्या, लोकांच्या मनात त्या पक्ष्याविषयी राग साठला. त्याच काळात उजनीचे पाणी आले आणि ऊस वाढला. खऱ्या माळाचे तुकडे अभयारण्याच्या आतच नांगरले जात राहिले. शेवटी क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला मोकळे गवत आणि शांतता लागते. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. जगात उरलेले दीडशेच्या आसपासचे पक्षी बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात आहेत, आणि तिथे विजेच्या तारा त्यांचे जीव घेतात. १९७९ साली हाती माळांचा नेमका नकाशा असता, तर त्या साडेआठ हजारांपैकी खऱ्या गवताळ जागा निवडून, लोकांना विश्वासात घेऊन घट्ट जपता आल्या असत्या. कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर जपलेले होते आणि प्रत्यक्षात माळ हातचा जात होता.

हे काम करून दाखवलेला देश म्हणून दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण मी देतो. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खपून २००६ मध्ये देशाचा वनस्पतिनकाशा प्रसिद्ध केला. त्यात चारशेहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यांत गवताळ प्रदेशांचे कितीतरी. मग प्रत्येक प्रकाराला दोन प्रश्न विचारले. पहिला, मुळातल्या क्षेत्रापैकी किती शिल्लक आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे. दुसरा, या प्रकारासाठी ठरवलेल्या उद्दिष्टापैकी किती भाग संरक्षित क्षेत्रात आला आहे. पहिल्यावरून धोक्याची पातळी ठरते, दुसऱ्यावरून संरक्षणाची. ही दोन उत्तरे वेगवेगळी ठेवणे हे त्या पद्धतीचे मर्म आहे, कारण एखादा प्रकार आज सुस्थितीत असूनही पूर्णपणे उघड्यावर असू शकतो. केपच्या डोंगरांवरचे फिनबॉस हे झुडपी रान चांगले जपलेले निघाले. त्याच डोंगरांच्या पायथ्याची रेनॉस्टरवेल्ड या दुसऱ्या झुडपी रानाची सुपीक सपाटी गव्हाखाली गेलेली, आणि तिचे थोडेच तुकडे उरलेले. आपल्या घाट आणि माळासारखीच ही गोष्ट. २०११ मध्ये तिथल्या सरकारने धोक्यातल्या परिसंस्थांची यादी राजपत्रात छापली. अत्यंत धोक्यातल्या परिसंस्थेत वनस्पती साफ करायची तर आता आधी पर्यावरण परवानगी लागते. मालकी कुणाची आणि जमीन वनखात्याची की महसूलची, हा प्रश्न तिथे नंतर येतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने परिसंस्थांच्या लाल यादीचे निकष जगासाठी स्वीकारले, आणि पुढे पृथ्वीवरच्या परिसंस्थांचे शंभराहून अधिक कार्यात्मक गट ठरवले. पाया तयार आहे. त्यावर देशाने आपापला बारीक नकाशा रचायचा आहे.

तो रचताना आपल्याला काही गोष्टी पहिल्यापासून शिकाव्या लागतील. कोकणातला कातळसडा घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवामानावरून जंगल ठरवणाऱ्या कोणत्याही पद्धतीने तिथे दाट झाडी यायला हवी. पण जांभ्याच्या उघड्या कातळावर मातीच नाही, म्हणून झाडी येत नाही; आणि नेमक्या त्याच कारणाने तिथे दुसरे काही येते. पावसाळ्यात सड्यावर उथळ पाण्याची डबकी साचतात, गेंदाचे पांढरे ताटवे फुलतात, सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, आणि जगात इतरत्र न सापडणाऱ्या कितीतरी जाती चार महिन्यांत आपले आयुष्य पुरे करतात. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पठारांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. साताऱ्याचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेले. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. चित्रे वारसा ठरली. ज्या सड्यावर ती कोरली आहेत तो जिवंत सडा मात्र सातबाऱ्यावर पोटखराब्यातच जातो. सुरुंग लावून, वरून माती टाकून त्यावर आंब्याची कलमे लावली जातात. बागायतदाराला दोषी म्हणण्याआधी सड्याची परिसंस्था म्हणून नोंद करणे हे शासनाचे काम आहे.

याच्या अगदी उलट टोकाला दोडामार्ग तालुक्यातली बांबर्डे येथील मायरिस्टिकाची दलदल आहे. रानजायफळाच्या कुळातली झाडे गोड्या पाण्याच्या चिखलात उभी असतात, आणि श्वास घ्यायला त्यांची मुळे गुडघ्यासारखी वर येतात. चॅम्पियन-सेठ यांनी या प्रकाराला स्वतंत्र संकेतांक दिला होता, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या पद्धतीत जंगलाचा लहानसा प्रकारही सुटला नव्हता. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय अशीच, आणि ती देवराई म्हणून टिकली. बांबर्डे येथील जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. तीस टक्क्यांच्या हिशेबात अडीच हेक्टर कुठेच दिसणार नाहीत. पण प्रकारांच्या तक्त्यात त्या अडीच हेक्टरांनी महाराष्ट्राची एक संपूर्ण ओळ भरून काढली.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. माळरानाला परिसंस्था म्हणून मान्यता मिळाली की उद्या तिथे कुंपण पडेल आणि धनगराची मेंढरे बाहेर काढली जातील, अशी भीती अनेक कार्यकर्ते बोलून दाखवतात. जंगलांच्या बाबतीत असे घडलेले आहे, म्हणून ही भीती खरी आहे. पण माळ चराईने आणि आगीनेच घडला आहे. चराई पूर्ण थांबवली तर गवताची जागा झुडपे घेतात, वेडी बाभूळ शिरते. तेव्हा माळाच्या वर्गवारीतच त्याचा वापर लिहिला पाहिजे: किती चराई, कोणत्या महिन्यांत, कोणाच्या हक्काने. परिसंस्थेचे वर्णन तिला चालवणाऱ्या प्रक्रियांसह करायचे, हे नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मान्यच आहे. मेंढपाळाला वगळून केलेला माळाचा नकाशा अशास्त्रीय ठरेल, अन्यायाचा मुद्दा तर वेगळाच.

मग करायचे काय? देशपातळीवर परिसंस्थांचा नकाशा हवा, त्यात माळ, सडा, काटेरी रान यांना स्वतःचा वर्ग हवा, आणि पडीक जमिनींच्या यादीतून ते वर्ग वगळले गेले पाहिजेत. हे दिल्लीत आणि मुंबईत व्हायचे आहे, आणि त्यासाठी दबाव लागेल. पण या सभागृहात बसलेल्यांना त्याची वाट पाहायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावी, असे सांगितले आहे. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना गावोगाव रुजवण्यासाठी मोठे कष्ट घेतले. बहुतेक ठिकाणी ही वही तयार आहे, पण ती घाईने भरलेली आहे, आणि तिच्यात झाडांची व पक्ष्यांची नावे आहेत, जमिनीचे प्रकार नाहीत. तुमच्या गावची वही मागून घ्या. गावात माळ किती एकर आहे, त्यावर कोणते गवत आहे, ते कोण चारते, सडा कुठे आहे, ओढ्याकाठची राई कुठे आहे, हे गटनंबरांसह तिच्यात लिहून काढा आणि ग्रामसभेच्या ठरावाने मंजूर करून घ्या. जागा खरोखर वेगळी असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, राज्य सरकार तिला वारसा स्थळ जाहीर करू शकते. बांबर्डे याच मार्गाने गेले. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या.